तीन मेलेल्या, एक चालती : भंगारातून एअरसॉफ्ट बंदूक

5 ऑक्टोबर 2024, शनिवार, लेस्टर, इंग्लंड

एक खोकं, तीन मेलेल्या बंदुका, 35 पाउंड. एअरसॉफ्ट म्हणजे बंदुकीनं प्लास्टिकचे छर्रे मारून एकमेकांना बाद करायचा खेळ. त्याच्या मैदानावर बरोबर खेळणाऱ्या तिघांनी आपापल्या गॅरेजमधली अडगळ माझ्या डिकीत टाकली आणि वर "चालली तर फोटो पाठव" म्हणाले. बायकोनं खोक्यात डोकावून पाहिलं. "हे तू विकत आणलंस? पैसे देऊन?"

हो, पैसे देऊन. आता मालाची हजेरी. तिन्ही खऱ्या बंदुकांच्या नकला, बॅटरी-मोटरवर चालणाऱ्या.

एमफोर: गिअरबॉक्सचं कवच पुढच्या बाजूला, सिलिंडरच्या खिडकीच्या कोपऱ्यात तडकलेलं. व्हर्जन टू जातीच्या गिअरबॉक्सची ही जन्मखोडच. पिस्टनच्या दातांचा भुगा झालाय, पण मोटर फिरते.

एमपीफाइव्ह: बॉडी देखणी, कवच (हेही व्हर्जन टू) शाबूत. मोटर गायब. ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळून कोळसा. सेक्टर गिअरचे (पिस्टन ओढणाऱ्या चाकाचे) तीन दात गेलेत, नॉझलचं (छर्रा नळीत ढकलणाऱ्या चोचीचं) तोंड फुटलंय.

एके: पडून दोन तुकडे, पण आतला माल ठणठणीत. फक्त गिअरबॉक्स व्हर्जन थ्री.

सुदैवानं टू आणि थ्री ही सख्खी भावंडं आहेत. गिअर, पिस्टन, सिलिंडर हेड (सिलिंडरचं पुढचं झाकण) एकमेकांचे चालतात. कवच, टॅपेट प्लेट (नॉझल मागेपुढे करणारी पट्टी), स्प्रिंग गाइड चालत नाहीत. मोटरचं म्हणाल तर एमफोर आणि एमपीफाइव्हला लांब दांड्याची लागते आणि एकेला आखूड. म्हणून बेत असा: घर एमपीफाइव्हचं, मोटर एमफोरची, पोट एकेचं.

मर्यादा 60 पाउंड. बॅटरी माझ्या जुन्या रिमोटच्या गाडीची, 7.4 व्होल्टची लिपो (लिथियमची). ग्रीस, वायर, डाग द्यायची गन घरात आहे. बंदूक माझ्याबरोबर खेळायला येणाऱ्या मन्यासाठी. तो ऑगस्टपासून दर वेळी भाड्याची घेतो आणि दर वेळी तिच्या नावानं खडे फोडतो.

एकेच्या दस्त्यात एक लिपो सापडली, पुरीसारखी टम्म फुगलेली. ती तशीच उचलून वाळूच्या बादलीत ठेवली, बादली घराबाहेर. सोमवारी पालिकेच्या केंद्रावर नेऊन द्यायची. या एका गोष्टीत काटकसर नाही.

6 ऑक्टोबर, रविवार

तिन्ही उघडल्या. व्हर्जन टू उघडताना मागच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून स्प्रिंग दाबून धरायची असते, तरच कवच सरळ उचलता येतं. मला हे माहीत आहे. पहिल्या दोन वेळा केलंही. तिसऱ्या वेळी चहाचा कप त्या हातात होता.

मोठी स्प्रिंग सापडली, ती पडद्यावर आदळून खाली पडली. पण अँटी-रिव्हर्सल लॅचची (गिअर उलटे फिरू न देणाऱ्या खिटीची) स्प्रिंग, शिवणाच्या सुईच्या नेढ्याएवढी, ती गेली ती गेलीच. फ्रीज ओढून झाला, चुंबक फिरवून झाला. शेवटी तडकलेल्या एमफोरमधून तिची बहीण काढली. तीन प्रेतं असण्याचा हाच फायदा.

पुढच्या वेळेसाठी: उघडण्यापूर्वी सगळं मोठ्या पारदर्शक पिशवीत घालायचं आणि हातही पिशवीत. दिसायला येडपटासारखं दिसतं, पण काही उडून जात नाही.

12 ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आज कामाच्या टेबलाची पूजा. व्हर्निअर, मल्टिमीटर, पाने, डाग द्यायची गन, सगळं पुसून मांडलं, हळदकुंकू लावलं. झेंडू बेलग्रेव्ह रोडवरून आणला. आपट्याची पानं काही मिळाली नाहीत. सांगलीला अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिथं खंडेनवमीला वाइंडिंगच्या यंत्रापासून झाडूपर्यंत सगळ्यांना माळ पडायची आणि त्या दिवशी एकाही हत्याराला हात लावायचा नाही, असा नियम. मीही आज लावला नाही. फक्त बघितलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अण्णांना टेबल दाखवलं.

"ही बंदूक कुठली रे? लायसन्स लागतं का न्हाई तिकडं?"

लायसन्स लागत नाही, पण नियम आहेत. 2006 च्या कायद्यानं खऱ्यासारखी दिसणारी नक्कल विकणं, आयात करणं आणि बनवणंही गुन्हा ठरवलंय. सुट्या भागांतून जोडणं हे त्या 'बनवणं'मध्येच मोडतं, हे बरेच हौशी लोक विसरतात. खेळाडूला त्यातून सूट आहे. त्यासाठी नोंदणीची पद्धत अशी की विमा असलेल्या मैदानावर किमान 56 दिवसांच्या काळात तीन खेळ खेळायचे. माझी नोंदणी आहे, मन्याची अजून नाही. त्यामुळे ही बंदूक मुळात खऱ्यासारखी दिसताच कामा नये. तिचा मुख्य रंग भडक हवा. लाल, केशरी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा, नाहीतर आरपार पारदर्शक.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग झेंडूचाच दे की."

ठरलं.

15 ऑक्टोबर, मंगळवार

शिमचा (गिअरच्या दांड्यावरच्या पातळ चकत्यांचा) संच आला, 4 पाउंड. एकूण 39.

19 ऑक्टोबर, शनिवार

आजचा अख्खा दिवस शिममध्ये गेला, आणि जायलाच हवा होता.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी: मोटरच्या टोकाला पिनियन, तो बेव्हल गिअर फिरवतो, बेव्हल स्परला, स्पर सेक्टरला. सेक्टरच्या अर्ध्या घेरालाच दात असतात. ते पिस्टनला मागे ओढतात, दात संपले की पिस्टन सुटतो, स्प्रिंग त्याला पुढे हाणते आणि सिलिंडरमधली हवा छर्ऱ्याला बाहेर ढकलते. एका छर्ऱ्यासाठी मोटरच्या साधारण 18 फेऱ्या. गिअरच्या दांड्यांवर कागदासारख्या पातळ चकत्या घालून प्रत्येक गिअरची उंची जमवायची, तेच शिम लावणं.

एका कारखान्यात एकत्र जन्मलेले भाग असले तर हे अर्ध्या तासाचं काम. इथं कवच एकाचं, गिअर दुसऱ्याचे. त्यात एक बुशिंग (गिअरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) कवचात सैल फिरत होतं. एमफोरची बुशिंगं 8 मिलीमीटरची, या कवचाला 7 ची लागतात. एकेची बसली. बाहेरून सुपरग्लूचा ठिपका देऊन एक तास तसंच ठेवलं.

क्रम मी बेव्हलपासून धरतो. ग्रिप आणि मोटर जोडून, अर्ध्या कवचात फक्त बेव्हल ठेवून पिनियनशी त्याचे दात कसे भिडतात ते बघायचं. खाली 0.15 मिलीमीटरची चकती घातली, जास्त झाली. 0.10 घातली, बरी. वरून कवच लावून चार स्क्रू आवळले, काडीनं बेव्हल हलवला. टिक आवाज यायला हवा, पण हलताना डोळ्यांना दिसता कामा नये. ठक आला. उघडा. वर 0.20 घाला. आवळा. आता हलतच नाही. उघडा. 0.15. आवळा. टिक.

असं एका गिअरचं. मग स्पर. त्याचा मोठा घेर बेव्हलच्या पोटाला घासत होता, डोळ्यांना दिसेना, पण कानाशी धरून फिरवलं की कागद खरवडल्यासारखं ऐकू यायचं. मग सेक्टर. स्क्रू एकूण किती वेळा काढले-लावले ते मोजणं मी विसाव्या वेळी सोडलं. दुपारी चारला तिन्ही गिअर बोटानं ढकलले तर दोन-अडीच फेऱ्या आपसूक फिरून थांबले. आवाज शून्य.

लोक नवे चकचकीत गिअर घेतात आणि डब्यातून काढून तसेच बसवतात. तीन महिन्यांनी मोडले की कंपनीला शिव्या. भंगारातले गिअर नीट शिम लावून त्यांच्यापेक्षा जास्त जगतात, हे मी याआधी दोनदा पाहिलंय.

20 ऑक्टोबर, रविवार

पिस्टन एकेचा. प्लास्टिकचा, पण शेवटचा दात लोखंडी. सुटण्याच्या क्षणी सगळा भार त्याच एका दातावर येतो, म्हणून तो लोखंडाचा असलेला बरा.

सेक्टरचा पहिला दात पिस्टनच्या पहिल्या दाताला तिरका भिडत होता. असा टोकावर टोक आदळत राहिला की दात झिजतो आणि मग एमफोरसारखा भुगा. उपाय म्हणजे सिलिंडर हेडला आतून रबर चिकटवायचं, म्हणजे पिस्टन थोडा मागे थांबतो आणि दात सपाट भिडतात. आधी माउसपॅडचा तुकडा लावला. फारच मऊ, बोटानं दाबला तरी चेपतोय. मग कडक रबराची 3 मिलीमीटरची कात्रण सापडली, वॉशिंग मशीनखाली घालायला आणलेल्या रबरातली. ती गोल कापली, मधे भोक पाडलं, चिकटवली. पिस्टन मागे सरकल्यावर त्याचा दुसरा दात वाटेत येऊ लागला, तो कानशीनं पूर्ण काढून टाकला. चांगला दात स्वतःच्या हातानं काढताना जीव खालीवर होतो खरा.

सिलिंडर निवडताना जरा मोह झाला. एकेचा आरशासारखा चकचकीत, एमपीफाइव्हचा मळका आणि कडेला भोक असलेला. पण ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. एमपीफाइव्हची नळी 229 मिलीमीटरची. आतली जागा जेमतेम साडेसहा घनसेंटीमीटर. एकेची नळी 455, तिला पूर्ण सिलिंडरची हवा लागते. आखूड नळीला तेवढी हवा दिली तर छर्रा बाहेर पडल्यावरही उरलेली हवा फटाक्यासारखी वाजते, नाहीतर जड छर्ऱ्यांना भलतीच ताकद मिळते. मळकाच घेतला, घासून स्वच्छ केला.

हवाबंद आहे का बघायला नॉझलवर बोट ठेवून पिस्टन ढकलला. फुस्स करून गेला. पिस्टन हेडची ओ-रिंग (रबरी कडी) सैल. तिच्याखाली नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप दोन वेढे दिली, सिलिकॉन ग्रीस लावलं. आता ढकलला की सायकलच्या पंपासारखा परत उसळतो.

26 ऑक्टोबर, शनिवार

वायरिंग. ट्रिगरचे कॉन्टॅक्ट इतके जळलेत की मोटरचा सगळा प्रवाह त्यांच्यातून सोडणं शक्य नाही. नवा संच घ्यावा तर पैसे. त्याऐवजी मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), आयआरएलबी 3034. म्हणजे प्रवाह मॉस्फेटमधून जातो आणि ट्रिगर नुसता इशारा देतो. तेवढ्या इशाऱ्याला पॉलिश पेपरनं घासलेले कॉन्टॅक्ट भरपूर झाले. मॉस्फेट, रेझिस्टर आणि टी कनेक्टर मिळून 6 पाउंड. एकूण 45.

मोटरचे कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) संपत आले होते. एकेच्या मोटरचे काढून घातले, ते सारखेच असतात. कार्बन ज्यावर घासतात तो कम्युटेटर खोडरबरनं पुसला.

सगळं जोडलं, बॅटरी लावली, ट्रिगर दाबला. धडधड सुरू. ट्रिगर सोडला. धडधड चालूच. सिलेक्टर (सेफ, एकेक की सलग ते निवडायची कळ) सेफवर टाकला, तरी चालूच. त्या दोन सेकंदांत मला माझ्या पंचेचाळीस पाउंडांचं आयुष्य डोळ्यांसमोरून जाताना दिसलं. कनेक्टर ओढून काढला तेव्हा कुठे थांबली.

मॉस्फेटच्या गेट आणि सोर्स या दोन पायांच्या मधला 10 किलोओमचा रेझिस्टर टेबलावर पडून होता. तो नसेल तर ट्रिगर सोडल्यावर गेटमधला चार्ज जाणार कुठे? तो तिथंच बसतो आणि मॉस्फेट चालूच राहतो. शंभर ओमचा बरोबर लावला होता, दहा किलोचा विसरलो. छर्रे नव्हते आणि डोळ्यांवर चष्मा होता, म्हणून निभावलं.

1 नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी. काम बंद. टेबलावर चकलीची ताटं आहेत, गिअरबॉक्स पलंगाखाली.

3 नोव्हेंबर, रविवार

बॉडीत बसवली, छर्रे भरले. पाचांत एक बाहेर येतो, बाकी नुसती हवा.

आधी मॅगझिनवर संशय घेतला, मग हॉप-अपवर (छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारा भाग). त्यातलं रबर म्हणजे बकिंग, नवा आणलाच होता, 5 पाउंड, एकूण 50. तो घातला तरी तेच. शेवटी व्हर्निअर काढला. फुटक्या नॉझलऐवजी मी एमफोरचा घातला होता. तो 21.4 मिलीमीटर. फुटक्याचा शाबूत भाग मोजला तर 20.3. एक मिलीमीटर लांब नॉझल मागे गेल्यावरही छर्ऱ्याच्या वाटेत नाक खुपसून उभा राहतो, छर्रा वर यायचा कसा?

काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून नॉझल उभा धरून आठच्या आकड्यात घासला. दर थोड्या वेळानं मोजणं. 21.1. 20.8. इथं बसवून पाहिला, तिनांत एक चुकतोय. 20.5. 20.3. तोंडाची धार 1000 नंबरनं मोडली. घाईत तिरका घासला गेला असता तर हवा गळली असती आणि तिसरा नॉझल माझ्याकडे नव्हता. आता मॅगझिन संपेपर्यंत एकही चुकत नाही.

9 नोव्हेंबर, शनिवार

क्रोनो, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. गॅरेजमध्ये, समोर प्लायवुडचं खोकं आणि त्यात जुने टॉवेल. 0.20 ग्रॅमचे दहा छर्रे. सरासरी 365 फूट प्रतिसेकंद.

म्हणजे 1.24 ज्यूल. इथं 2017 च्या कायद्यानं सलग मारणाऱ्या एअरसॉफ्टला 1.3 ज्यूलची आणि एकेक मारणाऱ्यांना 2.5 ची मर्यादा घातलीय. त्यावर गेलं की ते खेळणं राहत नाही. आमच्या मैदानाची मर्यादा 350 फूट, साधारण 1.14 ज्यूल. थोडक्यात ही कायद्याच्या आत पण मैदानाबाहेर. मी आत घातली होती ती एमफोरची स्प्रिंग कुणीतरी कधीतरी बदललेली असणार.

स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाक, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी कापत नाही. कापलेलं टोक सपाट बसत नाही आणि पिस्टन तिरका दाबला जातो. एकेची स्प्रिंग होतीच. पण एमपीफाइव्हच्या कवचात स्प्रिंग बाहेरून बदलायची सोय नाही. म्हणजे पुन्हा बॉडी, पुन्हा कवच, पुन्हा पिशवीत हात. अडीच तास.

आता 322. म्हणजे 0.96 ज्यूल. 0.25 ग्रॅमचे घातले तर 287, ज्यूल तेवढेच. मळक्या सिलिंडरनं काम केलं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून शिखरं मोजली, सेकंदाला 15 छर्रे. पुरे.

एकच खटकतंय. मागून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो.

10 नोव्हेंबर, रविवार

अण्णांना तो आवाज ऐकवला. त्यांनी मला स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवायला लावलं, दुकानात बेअरिंग बघतात तसं. मी ऐकायचं आणि त्यांना सांगायचं.

"वर जास्त का खाली?"

"खाली. ग्रिपकडे."

"मग गिअरचं काय न्हाई. मोटर खाली पडलीय तुझी. उचल जरा."

ग्रिपच्या तळाला मोटरची उंची ठरवणारा स्क्रू असतो. पाव फेरी आत. शिट्टी कमी. अजून थोडा. गेली. अजून पाव दिला तर वेगळीच घरघर सुरू झाली, म्हणून तेवढा मागे घेतला. एअरसॉफ्ट हा शब्द अण्णांनी महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा ऐकला.

17 नोव्हेंबर, रविवार

प्रायमर आणि भडक केशरी स्प्रे, 11 पाउंड. एकूण 61. मर्यादेपेक्षा एक पाउंड वर. हिशोबात ढापाढापी करून तो शिमच्या पैशांतून वळता करता येईल का, यावर थोडा विचार केला.

थंडीत रंग धरेना, पहिला हात संत्र्याच्या सालीसारखा आला. सगळा घासून काढला. डबा कोमट पाण्यात ठेवला, भाग हीटरजवळ गरम केले आणि पातळ चार हात मारले. बॉडी, दस्ता, पुढची मूठ, सगळं केशरी. फक्त मॅगझिन आणि सिलेक्टर काळे. मन्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "ही लपवायची कुठं?"

24 नोव्हेंबर, रविवार

बर्ट वादळ. मैदान बंद. बंदूक सोफ्यावर, आम्हीही.

1 डिसेंबर, रविवार

मैदानावरच्या क्रोनोत 319. मार्शलनं रंग बघून भुवया उडवल्या, पण पास झाल्याची पट्टी लावली.

सकाळच्या दोन डावांत मन्या खूश. तीसेक मीटरवर छर्रे सरळ जातात, त्यापुढे डावीकडे कलतात. बकिंग बहुधा नळीवर किंचित पिळलेला आहे, ते नंतर बघू. झाडीत त्याला लपताच येत नाही, हे मात्र खरं. समोरचे लोक "तो झेंडू" म्हणूनच त्याच्यावर नेम धरत होते. त्यानं दोघांना बाद केलं. स्वतः किती वेळा झाला ते त्यानं सांगितलं नाही.

तिसऱ्या डावात शिट्टी परत आली आणि वाढत गेली. मी त्याला लांबूनच ओरडलो, "मारू नकोस, बॅटरी काढ." ग्रिपखालचा स्क्रू धक्क्यांनी दीड फेरी बाहेर आला होता. आटे एवढे झिजलेत की तो नुसता आवळून राहणार नाही. पिनियनचे दात भिंगानं पाहिले, वाचलेत.

रात्री घरी उंची पुन्हा जमवली, कानाला स्क्रूड्रायव्हर लावून. मग स्क्रूच्या आट्यांवर बायकोच्या नेलपॉलिशचे दोन थेंब टाकले. मरून रंग. केशरीवर बरा दिसत नाही, पण उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.